गाडी तापली असता: पिंपळे सौदागरकर नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्याकडे गाडी आहे, गाडीचा हप्ताही आहे, पण बॉनेट उघडायचा खटका नेमका कुठे असतो हे ज्यांनी आजवर कोणाला विचारलेलं नाही, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना खटका सापडतो पण बॉनेटला टेकू द्यायची दांडी सापडत नाही, ते पुढच्या इयत्तेतले. ज्यांना दांडीही सापडते, ते या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीभोवती उभे राहून सल्ला देत असणार. त्यांना वाचायला सवड नाही.

खटका ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली असतो. तो ओढला की बॉनेट बोटभर वर येतं आणि तिथेच थांबतं. ते बिघडलेलं नसतं. पुढून त्या फटीत बोटं घालून आतली एक पट्टी सरकवायची असते. पहिल्या खेपेला ती कोणालाच सापडत नाही. शोधताना पार्किंगमधलं कोणी बघत असेल तर फोन कानाला लावावा आणि ‘हो, हो, उघडलंय’ असं म्हणत राहावं.

आपल्याकडे या अज्ञानाची लाज जरा जास्तच वाटते, कारण हा मुलूखच गाड्यांचा. पवनेपलीकडे पिंपरीत टेल्कोचा कारखाना 1960 च्या दशकात आला. 1998 ची इंडिका तिथलीच. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनल्या. चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्रचा. मर्सिडीजने भारतातलं बस्तान 1990 च्या दशकात बसवलं ते पिंपरीत, आणि पुढे तीही चाकणला गेली. या बड्यांच्या आसऱ्याने भोसरीपासून तळेगावपर्यंत व्हेंडर कंपन्यांची वस्ती पसरली आहे. कोणी गॅसकेट कापतं, कोणी होज पाइप बनवतं, कोणी रेडिएटरची जाळी. परिणामी आपल्या सोसायटीत दर मजल्यावर गाडीचा एकेक अवयव जाणणारा माणूस राहतो. अख्खी गाडी जाणणारा राहत नाही. तो कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या झालेल्या हातांनी चहा पीत असतो, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर आपण त्याच्याकडे पोचतो. तोवर इंजिन शाबूत राहावं, एवढीच या मार्गदर्शिकेची महत्त्वाकांक्षा.

ताप की तापाचा भास

इंजिन तापायचंच. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी फार तर तिसरा हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि कूलंटमधून बाहेर टाकावी लागते. कूलंट 90 डिग्रीच्या आसपास असणं ही इंजिनाची ठणठणीत तब्येत; काही गाड्यांत शंभरीच्या थोडं पुढे गेलेलंही चालतं. बाहेर एप्रिलचं ऊन चाळीस दाखवतंय म्हणून इंजिन कासावीस होत नाही. कासावीस आपण होतो.

म्हणून नवशिक्याने आधी खोटे ताप ओळखायला शिकावं. गाडी बंद करून तुम्ही लिफ्टपाशी पोचलात आणि मागे पंखा घोंघावतच राहिला, तर परत धावत जाऊ नका. बंद झाल्यावरही थोडा वेळ पंखा फिरवत ठेवायची सोय पुष्कळ गाड्यांत असते, आणि तो आपला आपण थांबतो. एसी लावून आल्यावर गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर बोट लावून बघा. रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही, म्हणजे ते एसीचं पाणी. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. टाकलात तर संध्याकाळपर्यंत तुमच्या इंजिनाला श्रद्धांजली वाहिली जाईल.

मीटरचा काटा हा साक्षीदार आहे, पण जरा पढवलेला. पुष्कळ गाड्यांत कंपनीच तो असा बसवते की, तापमान बऱ्याच मोठ्या टप्प्यात खालीवर झालं तरी काटा मध्यावरून हलत नाही. मालकाला उगाच धास्ती नको, हा उदात्त हेतू. म्हणून मध्यावरचा काटा ‘सगळं ठीक’ म्हणत असेल तर अर्धाच विश्वास ठेवावा; पण तोच काटा मध्य सोडून वर निघाला, तर पूर्ण ठेवावा. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत काटाच नसतो. सकाळी थोडा वेळ निळा दिवा लागतो, म्हणजे इंजिन अजून गार आहे. लाल दिवा लागला म्हणजे बोलणी संपली.

रस्ता विचारा

हा या मार्गदर्शिकेतला मुख्य पाठ. गाडी तापली हे कोणीही सांगेल. ती कुठे तापली, हे नीट सांगितलंत तर निम्मं निदान झालं. तापांची नावं आपल्या भागातल्या जागांवरून ठेवली तर लक्षात राहायला सोपं.

पहिला, जगताप डेअरीचा ताप. संध्याकाळी औंधकडून आलात, चौकाच्या अलीकडे गाड्यांची रांग, एसी सुरू, गाडी गोगलगायीला लाजवत सरकतेय आणि काटा चढू लागला. कसाबसा चौक ओलांडलात, रस्ता मोकळा झाला, चौथा गिअर पडला आणि काटा निमूटपणे जागेवर आला. या तापात संशय पहिला पंख्यावर. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, पंख्याची गरज भासत नाही. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर, आणि तोच फिरत नसेल तर ते उघडं पडतं ते सिग्नलला. खात्री करणं सोपं आहे. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. एसी लागल्यावर थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, रिले, वायर किंवा पंख्याची मोटर यांपैकी कोणीतरी संपावर आहे. फ्यूज काही रुपयांना मिळतो. म्हणून मोटर बदलायला निघालेल्या माणसाला ‘भाऊ, आधी फ्यूज बघितला का?’ हे एकदा हळूच विचारावं. हात आणि ओढणी मात्र पंख्यापासून लांब. तो न विचारता सुरू होतो.

दुसरा, घाटाचा ताप. रोज कुणाल आयकॉन रोडवरून शाळा, ऑफिस, भाजी अशी गाडी फिरते तेव्हा काही नाही. पण मुंबईहून परतताना खोपोली सोडून बोरघाट चढू लागलात, आत पाच माणसं, वर सामान, आणि खंडाळ्यापर्यंत काटा चढत गेला. इथे पंखा फिरत असूनही गाडी तापते, कारण इंजिन पूर्ण ताकदीने उष्णता ओततंय आणि ती बाहेर टाकायची क्षमता कमी पडतेय. कूलंट कमी आहे, रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून चिखल-पाल्याने चोंदला आहे, वॉटर पंप थकला आहे, किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. सपाटीवर झाकलेलं सगळं घाट काढून दाखवतो.

या तापाला मोठी परंपरा आहे. एक्स्प्रेसवे 2002 मध्ये पूर्ण झाला. त्याआधी जुन्या रस्त्याने घाट चढणाऱ्या फियाट-अ‍ॅम्बॅसिडर मध्येच बॉनेट उघडून उभ्या राहायच्या. घरातले पुरुष गंभीर चेहऱ्याने रेडिएटरकडे बघत, बायका मुलांना दरीपासून ओढत, आणि डिकीतला पाण्याचा कॅन बाहेर निघे. शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं वाहून पुढे जात. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ; पण वाहिलेल्या नाण्यांत रेडिएटरसाठी केलेले नवसही कमी नसावेत. आता रेडिएटर सुधारले, नवस कमी झाले आणि कॅनची जागा पॉवर बँकेने घेतली. तापल्या गाडीत तिचा उपयोग एकच: मदतीला फोन करता येतो.

तिसरा, चाकणचा ताप. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत जाणाऱ्यांना आधी जगताप डेअरीचाच प्रयोग लांबलचक करून मिळतो. पण समजा रविवारी पहाटे निघालात, रस्ता मोकळा आहे, बराच वेळ ऐंशी-नव्वदच्या वेगात आहात, वारा भरपूर, आणि तरी काटा हळूहळू वर सरकतोय. म्हणजे वारा निर्दोष. खोट आतल्या प्रवाहात: अर्धवट चोंदलेला रेडिएटर, दुबळा पंप, अडकलेला थर्मोस्टॅट.

चौथा, कोकणे चौकाचा ताप. सकाळी गार गाडी सुरू केली, सोसायटीच्या गेटातून बाहेर पडून चौकापर्यंत गेलात, आणि काटा थेट लालला टेकला. गार इंजिन एवढ्या वेळात एवढं तापणं अवघड. इथे बहुधा सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. वायर कोणी कुरतडली, हे पार्किंगमध्ये राहणाऱ्या उंदराला ठाऊक. पण संशयाचा फायदा गाडीला द्यायच्या आधी कूलंट बघून घ्या. ते फार कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तरी काटा असेच झटके देतो.

आणि पाचवा, ज्याला जागेचं नाव नको. काटा वर होता, मग अचानक एकदम खाली आला. गाडीतले सगळे ‘सुटलो’ म्हणतात. सुटलेलं असतं ते कूलंट. पाणीच उरलं नाही की सेन्सर कोरडा पडतो, आणि कोरडा सेन्सर भलतंच कमी तापमान सांगू शकतो. त्या वेळी हीटर लावून बघा. इंजिन तापलेलं असूनही हीटरमधून गार वारा आला, तर तिथल्या तिथे गाडी बंद करा.

काटा लालला टेकला, तर

आधी एसी बंद. मग ब्लोअर पूर्ण आणि हीटर पूर्ण गरमवर. विनोद म्हणून सुचवलेलं नाही. हीटर हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो आणि तुमच्या तोंडावर सोडतो. मे महिन्यात, दुपारी, मागच्या सीटवर सासूबाई असताना हे करायला धैर्य लागतं. काचा खाली करा आणि ‘इंजिनासाठी आहे’ एवढंच सांगा. जास्त खुलासा करू नये. लक्षात ठेवा, हा उपाय बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंतचा आहे, घरी पोचेपर्यंतचा नव्हे. ‘आता काय, शिवार चौक तर आलाच’ या एका वाक्याने जितकी हेड गॅसकेटं जाळली, तितकी उन्हाळ्याने जाळली नसतील.

बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि त्यानंतर काहीही करू नका. हे सगळ्यात अवघड कलम आहे, कारण एव्हाना तीन माणसं जमलेली असतात आणि त्यांतला एक हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे निघालेला असतो. त्याला अडवा. नम्रपणे जमलं तर नम्रपणे, नाहीतर हात धरून. ते झाकण म्हणजे कुकरचं झाकण. आत साधारण एक बार जादा दाब असतो, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 डिग्रीपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि इतका वेळ गुमान बसलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन झाकण उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप लांबूनच निरखा. हात लावण्याइतका गार वाटेपर्यंत झाकणाचं नाव काढू नका. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं बिस्लेरी ओतणाऱ्यालाही असंच अडवा. गरम धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

गार झाल्यावर कूलंट टाका. जवळ नसेल तर पाणी चालेल, पण ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं.

पहाटेची तपासणी

खरं निदान गार गाडीवर होतं, म्हणजे सकाळी, गाडी पुसणारा बादली घेऊन येतो त्या सुमाराला. त्यालाच पहिला प्रश्न विचारा. तुमच्या गाडीखालची फरशी तो तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघतो. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारा, जरा गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. तेव्हा डाग दिसला तर आधी धुऊन टाका, मग निदानाला लागा.

बॉनेटखाली अर्धपारदर्शक प्लास्टिकची एक बाटली दिसेल, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा. गार इंजिनाला कूलंट या दोन रेघांच्या मध्ये हवं. शेजारी तशाच चेहऱ्याची दुसरी बाटली असते ती काच धुण्याच्या पाण्याची. या दोघींत गल्लत करणाऱ्यांची काच चिकट होते आणि इंजिन साबणाने धुतलं जातं. झाकणावरची चित्रं बघा. थर्मामीटरचं चित्र ते कूलंट, काचेवर फवारा उडतोय ते काचेचं.

आता रंग. हिरवा, गुलाबी, नारिंगी, जो असेल तो स्वच्छ असावा. वेगवेगळ्या जातीचं कूलंट एकमेकांत मिसळू नये. नवीन घेताना गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेच घ्यावं. पाणी तांबूस, गढूळ, कडेला पांढरी पुटं धरलेलं दिसलं, तर कोणीतरी प्रेमाने त्यात नळाचं पाणी भरत आलंय. नळाचं म्हणजे तरी कुठलं? 2019 च्या नोव्हेंबरपासून महापालिकेने दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून आपल्या टाक्या भरायला टँकर धावतात. टँकरमधलं पुष्कळ पाणी बोअरचं. हेच पाणी गीझरच्या कॉइलवर वर्षभरात काय थर चढवतं, हे प्लंबरने काढून दाखवलंय तुम्हाला. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. तिथे प्लंबर पोचत नाही. कूलंटमध्ये पाणी मिसळायचंच तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडे मिळतं.

पुढे वाकून रेडिएटरसमोरच्या जाळीत टॉर्च मारा. पालापाचोळा, चिखल, पतंगाचा कागद, क्वचित उंदराने आणून ठेवलेला सुतळीचा संसार सापडतो. होज पाइप दाबून बघा (गार इंजिनावर, हे शंभरदा सांगूनही कमी): कडक झालाय का, भेगा दिसतात का, क्लिपपाशी पांढरं-हिरवं मीठ साठलंय का. मीठ दिसलं म्हणजे गळती तिथेच.

कूलंट दर आठवड्याला कमी होतंय, पण फरशी कोरडी, पाइप कोरडे, तर विषय गंभीर. ते आत जळत असू शकतं. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर, बाटलीत बुडबुडे, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं. ही हेड गॅसकेट गेल्याची लक्षणं. मात्र पावसाळ्यात रोज फक्त शाळेपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली फिकट मलई दिसू शकते. ती आतल्या वाफेचं पाणी ऑइलात मिसळून होते. झाकणावरच मलई आणि डिपस्टिकवर स्वच्छ ऑइल असेल, तर एक दिवस लोणावळ्यापर्यंत फिरवून आणा आणि पुन्हा बघा. घरी या सहलीचं कारण तांत्रिक असल्याचं सांगता येतं.

समितीचे कामकाज

तुम्ही बॉनेट उघडलंत की समिती आपोआप बसते. तिला कोरम लागत नाही. टेल्कोतून निवृत्त झालेले काका हात मागे बांधून येतात आणि ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करतात. त्यांचं मात्र ऐकून घ्या. त्यांच्यापाशी कान आहे. इंजिन चालू करायला लावून ते डोळे मिटतात आणि ‘पंपाचं बेअरिंग बोलतंय’ म्हणतात. पुष्कळदा बोलतच असतं.

मग येतात चाकणच्या व्हेंडर कंपनीत क्वालिटीला असलेले. ते मूळ कारणाशिवाय चर्चाच करत नाहीत. त्यांची पद्धत पाच वेळा ‘का’ विचारण्याची. काटा वर का गेला? कूलंट कमी झालं म्हणून. कमी का झालं? पाइप गळला म्हणून. का गळला? चिरला म्हणून. का चिरला? जुना झाला म्हणून. वेळेत का बदलला नाही? इथे ते थांबतात आणि तुमच्याकडे बघतात. कारणं शोधायच्या त्यांच्या माशाच्या काट्याच्या आकृतीत माणूस, यंत्र, माल, पद्धत अशा फांद्या असतात. पार्किंगमधल्या सभेत दोष हमखास माणसाच्या फांदीवर जाऊन बसतो.

हिंजवडीतले दादा स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ब्लूटूथचा डोंगल लावतात आणि फोनवर आकडे दाखवतात. याची चेष्टा करू नका. कूलंटचं खरं तापमान तिथे दिसतं, पढवलेल्या काट्याची मध्यस्थी लागत नाही. पी-0217 कोड आला म्हणजे इंजिन जादा तापल्याची नोंद. पी-0128 आला म्हणजे उलट, ते पुरेसं तापतच नाहीये, बहुधा थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. कोड मिळाला म्हणजे बिघाड सापडला असं मात्र दादांना वाटतं. कोड तक्रार सांगतो. तक्रार तर तुम्ही आधीच सांगितली होती.

समितीचा एक अलिखित नियम नवशिक्याने पाठच करावा: ज्याच्या कंपनीत जो पार्ट बनतो, तो पार्ट कधीही बिघडलेला नसतो. पंपवाले थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतात, थर्मोस्टॅटवाले पंख्याकडे, पंखेवाले वायरिंगकडे, आणि वायरिंगवाले उंदराकडे. उंदराची कंपनी नसल्याने ठराव बहुमताने त्याच्यावर मंजूर होतो. तुम्ही सगळ्यांचं ऐका, माना डोलवा, आणि प्रत्येकाने कोणता पार्ट निर्दोष ठरवला ते लिहून ठेवा. गॅरेजमध्ये त्यांपासूनच सुरुवात करायला सांगा.

भाऊंकडे

मेकॅनिकला वयाने लहान असला तरी भाऊ किंवा दादा म्हणावं. ‘गाडी गरम होतेय’ एवढंच सांगून चावी टाकून जाऊ नका. ताप कुठला आहे ते सांगा: सिग्नलला, घाटात, की मोकळ्या रस्त्यावर. एसी लावल्यावर वाढतो का. कूलंट किती दिवसांत किती उतरलं. एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून तुमच्याकडे नीट बघतो. वाईट मेकॅनिक तुमचं पहिलं वाक्य संपायच्या आत रेडिएटर खोलायला घेतो.

रेडिएटर किंवा पंपाला हात घालण्याआधी सिस्टीमला प्रेशर लावून गळती बघायला सांगा. हेड गॅसकेटचा संशय असेल तर इंजिन खोलण्याच्या आधी कूलंटच्या तोंडाशी निळ्या पाण्याची चाचणी करता येते. जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते पाणी पिवळं पडतं. खोलायचंच ठरलं तर हेड वाकलंय का ते पट्टी लावून तुमच्यासमोर मोजावं. तापलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि वाकलेल्या हेडवर नवं गॅसकेट बसवणं म्हणजे पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेवणं.

आता सगळ्यात महत्त्वाचा सावधगिरीचा इशारा. बोलता बोलता भाऊ म्हणतील, ‘साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकू. तो बर्फाच्या देशातल्या गाड्यांना लागतो. आपल्याकडे काय काम त्याचं?’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि बोलणारा ते मनापासून बोलतो. थर्मोस्टॅट 82 किंवा 88 डिग्रीला उघडणारी एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर तापून आपल्या नेहमीच्या तापमानाला येतं. ती काढली की काटा खाली राहतो, मालक खूश होतो, आणि इंजिन सदैव अर्धगार. कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून पुरती तापलेलीच नाही, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज पडतं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत झडप नसली की पाणी भलत्याच वाटेने फिरतं आणि घाटात गाडी आणखीच तापते. झडप बिघडली असेल तर नवी बसवा. रिकामी जागा बसवून घेऊ नका.

काम झाल्यावर जुने पार्ट मागून घ्या. बरेच मेकॅनिक स्वतःच देतात. होज पाइप, क्लिपा, असली तर पंपाची झिजलेली चकती, सगळं घरी आणा आणि थर्मोस्टॅट वेगळा ठेवा, कारण त्याची चाचणी घरच्या गॅसवर होते. त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मध्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सोबत सोडा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 डिग्रीच्या जवळपासच उकळतं. पण 88 च्या झडपेला तेवढं पुरतं. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हळूच सरकायला लागली पाहिजे. उकळी फुटली तरी ती जागची हलली नाही, तर रोग तोच होता आणि पैसे सार्थकी लागले. पातेलं जुनं, भंगारात जायचं घ्या आणि नंतर खरंच भंगारात टाका. त्यात कूलंटचा अंश उतरलेला असतो, त्यात पुन्हा चहा होता कामा नये.

झडप व्यवस्थित उघडली, म्हणजे चांगला पार्ट बदलला गेला. अशा वेळी भाऊंकडे जाऊन नेमकं काय बोलावं, हा विषय प्रस्तुत मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.